मातीचा तट

गेल्या डिसेंबरात खालाच्या थोरल्या नातवाचा निकाह होता. त्यासाठी आम्ही चार दिवस वरंगलला राहून आलो. आमची अम्मी परभणीची आणि तिची धाकटी बहीण लग्न होऊन वरंगलला गेलेली. परभणीची मुलगी इतक्या लांब कशी दिली, असे शाळेतल्या मैत्रिणी आज विचारतात. पण १९५६ पर्यंत आपला मराठवाडा आणि वरंगल एकाच हैदराबाद राज्यात होते. नोकरी, बदली, कोर्टकचेरी, सोयरीक, सगळे त्याच वाटेने चालायचे. राज्ये वेगळी झाली, नाती राहिली.

लहानपणी उन्हाळ्याची सुट्टी लागली की आम्ही भावंडे खालाकडे जायचो. खालाचे घर किल्ल्याजवळ आहे, असे परत आल्यावर वर्गात ऐटीत सांगायचो. खरे म्हणजे ते किल्ल्याजवळ नाही, किल्ल्यातच आहे. हे कळायला आम्हाला चाळिशी ओलांडावी लागली, आणि तेही एका अपघातामुळे कळले. म्हणून या महिन्यात हा विषय घेतला आहे.

खालाच्या घरामागे मातीची लांबलचक टेकडी आहे. कुठे एक मजला उंच, कुठे दोन मजले. तिच्यावर गवत, सीताफळाची झुडपे आणि शेळ्यांनी पाडलेल्या पायवाटा. दुपारी मोठी माणसे झोपली की आम्ही रिकामे पोते घेऊन वर चढायचो आणि पोत्यावर बसून घसरत खाली यायचो. एका सुट्टीत तर खुरप्याने खणून आम्ही तिच्यात गुहा केली होती. दोन मुले सहज मावायची. खालू मरहूम ती बघून हसले आणि म्हणाले, "और थोडी खोदो, बकरी बांधेंगे." कोणी रागावले नाही. मातीच्या टेकडीत खड्डा केला, त्यात रागावण्यासारखे काय होते?

किल्ला दाखवायचा म्हणून खालू आम्हाला आत न्यायचे. तिथे दगडाचा तट, दगडाचे बुरूज, आणि मधल्या मोकळ्या जागेत चार दिशांना उभी असलेली काळ्या दगडाची चार तोरणे. या तोरणाचे चित्र पुढे तेलंगण राज्याच्या मुद्रेवर चारमिनारसोबत आले. जवळच उतरत्या भिंतींचा खुश महल. ते सगळे बघून आम्ही घरी यायचो आणि पुन्हा पोते घेऊन टेकडीवर चढायचो.

या वेळी गेलो तर खालाची बारा वर्षांची नात लंगडत चालत होती. लग्नघरात सगळ्या पोरी मेंदी लावून धावपळ करत होत्या आणि ही पाय लांब करून पलंगावर. काय झाले ते फोनवर थोडेसे कळले होते, पण समोर बसून ऐकणे वेगळे.

मुलाचे लग्न ठरल्यावर भाईजानना, म्हणजे खालाच्या मुलाला, नव्या सुनेसाठी एक खोली काढायची होती. घराच्या तीन बाजूंना शेजाऱ्यांच्या भिंती. जागा होती ती फक्त मागे, टेकडीच्या पायथ्याशी. मे महिन्यात त्यांनी जेसीबी बोलावला आणि पायथा आठ फूट आत कापून घेतला. उभा काप, माणसाच्या डोक्याहून उंच. माती जागेच्या भरावासाठी वापरली, उरलेली शेजाऱ्याने नेली. जुलैमध्ये तीन दिवस पावसाची झड लागली. चौथ्या दिवशी पहाटे नात फजरच्या नमाजसाठी वजू करायला मागच्या न्हाणीत गेली आणि कापलेली माती वरून खाली आली. न्हाणीची भिंत तिच्यावर पडली. अल्लाहने जीव वाचवला. पाय दोन ठिकाणी मोडला, सळई घालावी लागली.

त्यानंतर पाहणीला आलेल्या एका अधिकाऱ्यांनी सांगितले की ही टेकडी नव्हे, हा किल्ल्याचा मातीचा तट आहे. कायद्याने संरक्षित आहे, आणि तो कापणे हा गुन्हा आहे. घरात लेकीचा पाय मोडलेला आणि वर हा घोर. तेव्हापासून मोहल्ल्यात कुजबुज सुरू झाली. कोणी म्हणे घरे पाडणार, कोणी म्हणे दंड होणार.

खाला आम्हाला म्हणाली, "पचास साल से रहती मैं इदर. एक ने भी बोला नै के ये किल्ला है. मिट्टीच है समझे हम."

खालाला काय बोलणार? आम्ही स्वतः वीस वर्षे शाळेत शिकवतो. गिरिदुर्ग, जलदुर्ग, भुईकोट, असे किल्ल्यांचे प्रकार मुलांकडून पाठ करून घेतो. पण किल्ला नुसत्या मातीचाही असतो आणि आपण लहानपणी त्याच्यावरून घसरलो आहोत, हे आम्हालाच माहीत नव्हते. परत आल्यावर आम्ही जे वाचले ते इथे सांगतो.

वरंगल ही काकतीय राजांची राजधानी. आधीची राजधानी शेजारच्या हनमकोंड्याला होती. तेराव्या शतकात राजा गणपतिदेवाच्या काळात ती वरंगलला आली. त्याच्यानंतर १२६२ पासून त्याची मुलगी रुद्रमादेवी गादीवर बसली. दख्खनच्या इतिहासात स्वतःच्या नावाने राज्य करणाऱ्या ज्या थोड्या स्त्रिया झाल्या, त्यांतली ही एक. बापाने सुरू केलेला दगडी तट तिने उंच करून घेतला आणि त्याच्या बाहेर मातीचा दुसरा तट आणि खंदक करवून घेतला, असे मानले जाते. आतला दगडी तट सुमारे १.२ किलोमीटर व्यासाचा गोल आहे. मातीचा तट त्याच्या दुप्पट, सुमारे २.४ किलोमीटर व्यासाचा. त्याहूनही बाहेर, हनमकोंड्यालाही पोटात घेणाऱ्या तिसऱ्या मातीच्या तटाच्या खुणा सापडतात. म्हणजे पाण्यात दगड टाकल्यावर उठणाऱ्या वर्तुळांसारखे एकाबाहेर एक तट. खालाचे घर दगडी तटाच्या बाहेर पण मातीच्या तटाच्या आत आहे.

आता कोणी विचारेल, राजाकडे दगड होता, पाथरवट होते, मग माती कशाला?

एक कारण अगदी सोपे आहे. खंदक खणला की माती निघतेच. ती लांब वाहून नेण्यापेक्षा आतल्या काठावर टाकली की तट उभा राहतो. एकाच कष्टात दोन अडथळे तयार होतात. शत्रूला आधी खाली उतरावे लागते, मग तेवढेच आणि वर तटाइतके चढावे लागते. खंदकाची खोली आणि तटाची उंची मिळून खरी उंची होते.

दुसरे कारण माराचे. दगडी भिंतीवर जड दगड आदळला तर सांधा उखडतो, चिरा फुटतो. मातीच्या जाड तटावर आदळला तर माती थोडी दबते आणि मार गिळून टाकते. पुढे तोफा आल्या तेव्हा हा गुण जास्तच उपयोगी पडला. राजस्थानातल्या भरतपूरच्या किल्ल्याचा बाहेरचा तट असाच मातीचा. १८०५ मध्ये इंग्रजांचा सेनापती लॉर्ड लेक याने त्याच्यावर चार वेळा हल्ला चढवला आणि चारही वेळा त्याला मागे फिरावे लागले.

'खंदक' हा शब्द तर आपल्या घरातलाच. मकतबमधल्या लहान मुलालाही गझवा-ए-खंदक ठाऊक असतो. हिजरी सन ५ मध्ये मदिन्यावर मोठी फौज चालून आली, तेव्हा हजरत सलमान फारसी रजि. यांच्या सल्ल्याने शहराच्या उघड्या बाजूला खंदक खणला गेला. खुद्द प्यारे नबी सल्ल. यांनी सहाबांच्या बरोबरीने माती उचलली. मूळ फारसी असलेला हा शब्द अरबीत जाऊन आला आणि मराठीत इतका रुळला की कुठल्याही किल्ल्याचे वर्णन त्याच्याशिवाय पूर्ण होत नाही. पण मदिन्यातला तो खंदक आज डोळ्यांनी दिसत नाही. त्या बाजूला असलेल्या मशिदींवरून जागेची आठवण राहिली आहे. जमिनीत खणलेले आणि मातीत रचलेले काम असे असते. ते पडत नाही, भरून येते, झिजते आणि आजूबाजूच्या जमिनीत मिसळून जाते.

वरंगलच्या मातीच्या तटाची साक्ष मात्र एका अशा माणसाने लिहून ठेवली आहे की आम्ही थक्क झालो. ते म्हणजे हजरत अमीर खुसरो. उर्दू शिकवताना त्यांच्या पहेल्या आणि मुकरियांशिवाय आमचा तास पुरा होत नाही. त्यांचा 'खजाइनुल फुतूह' नावाचा फारसी ग्रंथ आहे. त्यात अलाउद्दीन खिलजीच्या मोहिमांची हकीकत आहे. १३१० मध्ये मलिक काफूरने वरंगलला वेढा घातला, त्या वेढ्यात खुसरो या मातीच्या तटाची मजबुती आवर्जून सांगतात. पोलादी भाला त्याच्यात शिरत नव्हता आणि यंत्रांनी फेकलेले दगड त्याच्यावर आपटून उलटत होते, असा त्यांच्या वर्णनाचा आशय आहे. हिजरी ७०९ चा रमजान चालू होता. शेवटी दिल्लीच्या फौजेने खंदक मातीने भरून काढला, तटाचा एक भाग फोडला आणि बाहेरचा तट घेतला. त्यानंतर आतल्या दगडी किल्ल्यातल्या राजा प्रतापरुद्राने तह केला. पुढे १३२३ मध्ये उलुग खान, म्हणजे नंतरचा मुहम्मद बिन तुघलक, याने वरंगल जिंकले आणि त्याचे नाव सुलतानपूर ठेवले.

हे सगळे वाचले ते घरी आल्यावर. पण वेढ्याची मोटामोटी गोष्ट आम्हाला आधीही माहीत होती. वलीम्याच्या दुसऱ्या दिवशी पलंगावर बसलेल्या नातीला ती सांगत होतो. ऐकता ऐकता तिने मध्येच विचारले, "फुप्पू, अपन किदर के थे? अंदर के या बाहर के?"

वाचकहो, हा प्रश्न आम्हाला नवा नाही. इतिहासाच्या तासाला आमच्या वर्गातली मुलेही तो विचारतात, कधी तोंडाने आणि कधी नुसत्या डोळ्यांनी. लढाईचा धडा आला की काही मुले ताठ बसतात, काही मान खाली घालतात. आम्ही नातीला एवढेच सांगितले की तटाच्या बाहेर नुसती दिल्लीची माणसे नव्हती. काफूरची फौज देवगिरीवरून पुढे आली होती आणि देवगिरीच्या रामचंद्र यादवाने तिला रसद पुरवली होती. म्हणजे आपल्या मराठी मुलखाचा हिंदू राजा त्या वेळी बाहेरच्या बाजूला होता. सातशे वर्षांपूर्वीच्या माणसांना आजच्या रांगांत उभे केले की ती बसत नाहीत.

तिला ते पटले की नाही कोण जाणे. पण खाला दाराशी तांदूळ निवडत बसली होती, ती म्हणाली, "अंदर के नै तो क्या? घर किदर है तेरा?"

आम्ही पुस्तकातून उत्तर शोधत होतो आणि खालाने बोट दाखवून दिले. तट आत राहणाऱ्यांसाठी बांधतात, आणि आज आत राहतात ती ही माणसे. मागच्या गल्लीत तेलुगू बोलणारी, पुढच्या गल्लीत दख्खनी बोलणारी.

पाय लांब करून बसून बसून नात कंटाळली होती. मग आम्ही तिला गणित घातले. लग्नपत्रिकेच्या रिकाम्या पाकिटावर तिने ते सोडवले. तटाचा व्यास २.४ किलोमीटर, तर घेर किती? जवळजवळ साडेसात किलोमीटर. समजा तटाचा पायथा २० मीटर रुंद, उंची ६ मीटर आणि आकार त्रिकोणी. मग एक मीटर लांबीत माती किती? ६० घनमीटर. पूर्ण घेरात किती? साडेचार लाख घनमीटर. एका घमेल्यात २० लिटर माती मावते असे धरले तर एका घनमीटरला ५० घमेली. म्हणजे एकूण सव्वादोन कोटी घमेली. आकडे आम्ही अंदाजाने धरलेले, पण त्यावरून कल्पना येते. यंत्र नव्हते. प्रत्येक घमेले कोणाच्या तरी डोक्यावरून वर गेले.

नात बराच वेळ त्या पाकिटाकडे बघत राहिली. मग म्हणाली, "अब्बा ने कितने घमेले निकाले?" आठ फूट आत, पंधरा फूट लांब, सहा फूट उंच. हिशेब हजार घमेल्यांच्या आसपास आला. भाईजान तिथेच उभे होते. ते काही न बोलता बाहेर गेले.

संध्याकाळी ते आमच्याशी बोलले. त्यांचे म्हणणे आम्ही जसेच्या तसे मांडतो, कारण त्यात तथ्य आहे. ते म्हणाले, "तोरणं बघायला दुनिया येते. तिकीट लागतं, फोटो निघतात. ह्या मातीकडे कोणी बघत नाही. बघायला येतात ते आमच्या घरावर बोट ठेवायला. घर आमचं, आणि एक खोली वाढवता येत नाही. मग मुलाचं लग्न करून सून ठेवू कुठे?"

जुन्या वास्तू जपाव्यात असे आपण सहज म्हणतो, पण जपण्याचा भार कोणावर पडतो ते बघत नाही. तोही बहुतेक वेळा तटाला लागून राहणाऱ्या गरीब घरांवर पडतो. हे मान्य करूनच पुढचे बोलले पाहिजे.

आधी कायदा नीट समजून घेऊ, कारण कायद्यापेक्षा अफवेने माणसे जास्त घाबरतात. १९५८ चा प्राचीन स्मारकांचा केंद्रीय कायदा आहे आणि २०१० मध्ये त्यात मोठी दुरुस्ती झाली. राष्ट्रीय संरक्षित स्मारकाच्या हद्दीपासून १०० मीटर हे प्रतिबंधित क्षेत्र, तिथे नवे बांधकाम करता येत नाही. त्यापुढचे २०० मीटर हे नियंत्रित क्षेत्र, तिथे परवानगी घेऊन बांधता येते. खुद्द स्मारकाला इजा केली तर दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकते. पण याच कायद्यात आणखी एक कलम आहे, ते मोहल्ल्यात कोणालाच माहीत नव्हते. प्रतिबंधित क्षेत्रातले घर १६ जून १९९२ च्या आधीचे असेल, तर त्याच्या दुरुस्तीसाठी आणि नूतनीकरणासाठी अर्ज करता येतो. खालाचे घर त्याच्या कितीतरी आधीचे. भाईजानना वाटत होते की अर्ज दिला की घर नजरेत येईल आणि जाईल. म्हणून ते लपूनछपून काम करत होते, आणि लपून केलेले कामच अंगाशी आले.

आता मातीचा स्वभाव. भुसभुशीत माती सुपातून ओतली तर तिचा ढीग ठरावीक उताराने उभा राहतो, साधारण तीस-पस्तीस अंशांनी. त्याहून उभी केली की ती घसरते. चिकणमाती कोरडी असताना उभा काप काही दिवस धरून ठेवते, म्हणून मे महिन्यात काप भक्कम वाटतो. पावसाचे पाणी आत मुरले की तिचे वजन वाढते आणि पकड सुटते. पायथा हा त्या सगळ्या वजनाचा आधार असतो. तो काढून घेतला की वरची माती खाली येणारच. म्हणजे तट कापला म्हणून शिक्षा सरकारने द्यायच्या आधीच मातीने दिली. तट सुरक्षित राहणे आणि तटाखालचे घर सुरक्षित राहणे या दोन गोष्टी इथे वेगळ्या नाहीत.

मातीचा तट जपायला काय लागते? दगडी बुरुजाला चुना, चिरे, कारागीर लागतात. मातीच्या तटाला बरेचसे न करणे लागते. पायथा न कापणे. माती न नेणे. वर कचरा न टाकणे, कारण कचऱ्यात पाणी साचते आणि घुशी बिळे करतात. न्हाणीचे, मोरीचे पाणी पायथ्याशी न सोडणे. वर मोठी झाडे न वाढू देणे. झाड वादळात उन्मळले तर मुळांसकट तटाचा लचका काढते. गवत मात्र हवेच, कारण गवताची मुळे वरचा थर धरून ठेवतात आणि पावसाच्या थेंबांचा मार सोसतात. इंग्लंडमध्ये मध्ययुगीन मातीचे तट आणि किल्ल्यांचे उंचवटे असेच गवताखाली राखतात आणि गवत फार वाढू नये म्हणून त्यावर मेंढ्या चारतात. शेळ्या-मेंढ्या चरल्याने बिघडत नाही. रोज एकाच वाटेने चढल्या की घळ पडते, आणि त्या घळीतून पावसाळ्यात पाण्याचा ओहोळ वाहतो. आमची पोत्याची घसरगुंडी म्हणजे नेमकी तशीच घळ होती, हे लिहिताना आता संकोच वाटतो.

एक गोष्ट ध्यानात ठेवावी. संरक्षित तटाची डागडुजीदेखील आपण परस्पर करायची नाही. ढासळलेली माती फावड्याने वर लोटून दिली तर ती चिकटत नाही, आणि त्या थरांत अभ्यासकांना सापडण्यासारखे जे असते ते मिसळून जाते. खापराचा तुकडा कोणत्या थरात सापडला यावरूनच तट केव्हा रचला, केव्हा वाढवला हे कळते.

निघायच्या आदल्या रात्री आम्ही आणि भाईजान कागद घेऊन बसलो. शिक्षकाच्या नशिबी नातेवाइकांचे अर्ज लिहिणे असतेच. अर्जात दोन गोष्टी लिहिल्या. घर किती जुने आहे त्याचे पुरावे जोडून आतल्या दुरुस्तीची परवानगी मागितली, म्हणजे मोठ्या खोलीची मधे भिंत घालून सुनेसाठी खोली करता येईल. आणि कापलेल्या जागी तट पुन्हा ढासळण्याचा धोका आहे, तो विभागाने आपल्या देखरेखीखाली बंदिस्त करावा, अशी विनंती केली. माती आपण काढली, हेही लिहिले. ती ओळ लिहायला भाईजान तयार नव्हते. खाला म्हणाली, "सच लिखो. बच्ची का पाँव टूटा सो छुपता क्या?" मग लिहिली.

तेवढ्यात एक काम विनापरवानगी होण्यासारखे होते, ते त्यांनी दुसऱ्याच दिवशी केले. न्हाणीच्या पाण्याची नळी पायथ्यापासून काढून पुढच्या गटारीला जोडली.

२०२१ मध्ये वरंगलपासून साठ-सत्तर किलोमीटरवरचे रामप्पा मंदिर जागतिक वारशाच्या यादीत गेले. तेही काकतीयांचेच. वरंगलची तोरणे संभाव्य यादीत त्याच्या सोबतीला होती, ती राहिली. पुढेमागे त्यांचाही नंबर लागो. पण दगड कोरलेला असला की त्याला मोठेपण सांगावे लागत नाही. मातीला सांगावे लागते. तिच्यावर नक्षी नाही, शिलालेख नाही, राजाचे नाव नाही. तिच्यात आहे ती हजारो हातांची मजुरी, आणि त्या हातांचे नाव कुठेच लिहिलेले नाही. मातीचा तट गेला तर वरंगलच्या तेवढ्या माणसांची एकमेव खूण जाईल. आणि ती कोणी सुरुंग लावून उडवणार नाही. ती घमेल्याघमेल्याने जाईल, जशी आली होती.

परत आल्यावर आम्ही सातवीच्या वर्गाला घेऊन गावाबाहेरच्या गढीवर गेलो. आपल्या मराठवाड्यात अशा मातीच्या गढ्या आणि पांढरीची टेकाडे गावोगाव आहेत. बहुतेक कुठल्याच सरकारी यादीत नाहीत. महाराष्ट्राचा १९६० चा स्वतंत्र कायदा आहे, पण तोही यादीत असलेल्या वास्तूंपुरता. गढीच्या एका अंगाला फावड्याचे ताजे घाव होते. धाब्याच्या घरावर घालायला पांढरी माती चांगली, पाणी झिरपू देत नाही, म्हणून लोक पिढ्यान्‌पिढ्या नेत आले आहेत. एक मुलगा म्हणाला, "आमच्या घरावरची माती इथलीच आहे." बाकीची मुले त्याच्याकडे चोरासारखे बघायला लागली. आम्ही त्यांना थांबवले आणि आमच्या पोत्याची आणि गुहेची गोष्ट सांगितली. मग मुलांनी दोरी घेऊन गढी मोजली, तिचा नकाशा काढला, कापलेली जागा तांबड्या खडूने रंगवली. तो नकाशा आम्ही ग्रामपंचायतीला दिला आहे. पावसाळ्यानंतर पुन्हा मोजायचे ठरले आहे.

खालाची नात आता काठीशिवाय चालते. अर्जाचे उत्तर अजून आलेले नाही. परवा फोनवर तिने सांगितले की कापाच्या वरच्या कडेला दोन खुंट्या ठोकाव्यात असे तिला वाटत होते, माती सरकते की नाही ते बघायला. पण तटाला हात लावायचा नाही, म्हणून तिने खुंट्या आपल्या अंगणात ठोकल्या आहेत आणि तिथून सुतळीने अंतर मोजते. दर जुम्याला वहीत लिहून ठेवते. आतापर्यंत सात जुमे झाले, अंतर तेवढेच आहे.

तुमच्या गावाच्या कडेला अशी टेकडी असेल, तर घरातल्या बुजुर्गांना विचारा तिला काय म्हणतात. कोट, गढी, पांढर, तट, असा एखादा शब्द जुन्या माणसांच्या तोंडी सापडेल. सापडला तर आम्हाला जरूर लिहून कळवा.